दुसऱ्यांदा मोजताना

औंढा नागनाथ

चि. छकुलीस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. मेळघाटातल्या चाळीस लेकरांची उंची, वजन आणि दंडघेर तू मोजलास. मग तुझ्या मार्गदर्शक बाईंनी त्यातली वीस लेकरं पुन्हा मोजायला लावली, तीही दुसऱ्या मुलीकडून, तिला तुझे आकडे न दाखवता. याचा तुला राग आला आहे. “आबा, मी काय मनाने आकडे लिहिले असते का?” असं तू विचारतेस. लिहिले नसतेस, हे बाईंनाही ठाऊक असणार. पण प्रामाणिक हातात टेप असली तरी लेकरू गुडघा वाकवतं, मान आखडतं, रडताना खांदे उचलतं. टेप दंडावर किती घट्ट धरायची हे तुझ्या बोटांचं एक असतं आणि तिच्या बोटांचं दुसरं. त्यातून येणारा फरक किती, हे समजल्याशिवाय तुझ्या वहीतल्या ८१.४ या आकड्याला किती किंमत द्यायची हे कोणालाच सांगता येणार नाही. तुलासुद्धा नाही. बाईंनी तुला ते शोधायला लावलं आहे, आणि माझ्या मते तुझ्या सगळ्या अभ्यासातलं हेच सर्वांत मोलाचं काम आहे.

दुसरी मोजणी नेमकी कशासाठी असते, हे सांगायला मला दूर जावं लागत नाही. आपल्या तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे, हे तू लहानपणापासून ऐकते आहेस. केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली आणि सुमारे २,६०० कोटी रुपयांची पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. गुरुत्वीय लहरी, कृष्णविवरं हे सगळं तू शाळेतल्या भाषणात सांगितलंही होतंस. मला त्यात सर्वांत जास्त भावलेली गोष्ट मात्र त्या भाषणात नव्हती. अतिशय नाजूक आकड्यावर लायगोच्या लोकांनी विश्वास कसा ठेवला, ही ती गोष्ट.

१४ सप्टेंबर २०१५ ला लायगोच्या अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी पहिली लहर टिपली. एक यंत्र लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनला, दुसरं वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला, मध्ये सुमारे तीन हजार किलोमीटर. यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूत झालेला बदल होता प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका. आता हे बघ, की हॅनफर्डला वारा सुटला की यंत्र कुरकुरतं. लिव्हिंग्स्टनच्या आजूबाजूला झाडतोड चालते, समुद्राच्या लाटांची धडधड जमिनीतून येते. हॅनफर्डला एकदा नोंदींत न उमजणारे झटके दिसू लागले. शोध घेतला तर तहानलेले डोमकावळे नळीवर साठलेला बर्फ चोचीने टोचत होते! मग त्या चिमुकल्या थरथरीला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कृष्णविवरांची टक्कर कशी म्हणायची?

म्हणायची, कारण दोन्हीकडे तीच आकृती उमटली, पहिल्यांदा लिव्हिंग्स्टनला आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. प्रकाशाला हे अंतर कापायला दहा मिलिसेकंद लागतात, म्हणून खऱ्या लहरीच्या दोन नोंदींत यापेक्षा फारसा जास्त फरक चालणार नाही, ही अट आधीच ठरलेली होती. हॅनफर्डचा कावळा लिव्हिंग्स्टनला टोचत नाही. दोन्ही यंत्रं एकाच वावरात असती तर एकाच ट्रकने दोन्ही हलली असती आणि त्या दोघांच्या एकमताला अर्थ राहिला नसता. आपल्याकडे १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा हिंगोली, परभणी, नांदेड सगळीकडची भांडी वाजली. ती सगळी भांडी मिळून एकच नोंद, हे ध्यानात घे.

पहिल्या पिढीत हॅनफर्डच्या एकाच आवारात, त्याच निर्वात नळ्यांमध्ये, दोन यंत्रं होती. पुढच्या पिढीतही तिथे दोन बसवायचा बेत होता. त्यांतलं एक बाजूला काढून भारतासाठी ठेवलं गेलं. लहर आकाशात कुठून आली हे दूरदूरच्या यंत्रांमुळे नेमकं कळतं, हे त्याचं मुख्य कारण. पण मला त्यात तुझ्या बाईंचाच हट्ट दिसतो. दुसरा साक्षीदार पहिल्याच्या घरात राहणारा नको.

आता यातला सर्वांत सुंदर भाग. दोन नोंदी जुळल्या खऱ्या, पण निव्वळ योगायोगाने किती वेळा जुळल्या असत्या? ते काढायला त्यांनी एका यंत्राच्या सगळ्या नोंदी घड्याळात थोड्या मागेपुढे सरकवल्या आणि पुन्हा जुळण्या मोजल्या. असं सरकवल्यावर खरी लहर दोन्हीकडे एका वेळी येऊच शकत नाही. तेव्हा जे जुळेल ते फक्त योगायोगाचं. असं सुमारे एक कोटी वेळा, वेगवेगळ्या अंतराने सरकवून पाहिलं. सोळा दिवसांच्या नोंदींतून त्यांना सांगता आलं, की इतकी ठळक जुळणी योगायोगाने दोन लाख तीन हजार वर्षांत एकदाही व्हायची नाही. आवाजात दडलेली लहर ओळखायची कशी, याचं गणित मांडणाऱ्यांत आपल्या पुण्याच्या आयुका या संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश हे आघाडीवर होते, तेही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, यंत्रं उभी राहण्याच्या आधी.

हे असं सावध व्हायला एक जुनी घटना कारण झाली. १९६९ मध्ये जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमची जाडजूड नळकांडी टांगून, एक मेरीलँडला आणि एक शिकागोजवळ, गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं. दोन ठिकाणं, दोन यंत्रं, जुळणाऱ्या नोंदी. इतरांनी तशीच यंत्रं बांधली, कित्येकांनी जास्त चांगली बांधली, पण कोणालाच काही सापडेना. पुढे वेबर यांनी रॉचेस्टरच्या यंत्राशीही आपल्या नोंदी जुळवून दाखवल्या. तेव्हा लक्षात आलं, की दोन्हीकडच्या घड्याळांत चार तासांचा फरक होता. एकाची वेळ ग्रीनिचची, दुसऱ्याची स्थानिक. म्हणजे ज्या नोंदी एकाच क्षणाच्या म्हणून जुळवल्या, त्या चार तास लांबच्या होत्या. वेबर लबाड नव्हते. या क्षेत्राचा पाया त्यांनीच घातला आणि त्याबद्दल त्यांना मान मिळतो तो रास्तच आहे. पण जुळणी शोधायचीच म्हणून बसलेला माणूस नोंदींतून जुळणी काढतोच. तुझ्या दुसऱ्या मुलीने तुझी वही का पाहायची नाही, त्याचं उत्तर हे आहे. “छकुलीने ८१.४ लिहिलंय” हे माहीत असलं की काठीवरची खूण ८१.४ लाच दिसते.

आता तुझ्या लेकरांकडे येतो.

अंगणवाडीत वाढीचा जो तक्ता भिंतीवर असतो, तो जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मानकांवरून आला. त्यासाठी सहा देशांत लेकरं मोजली गेली. भारतात ते काम दिल्लीला झालं. तिथली रीत अशी होती, की दोन मोजणाऱ्यांनी एकाच लेकराला वेगवेगळं मोजायचं, आपापल्या कागदावर लिहायचं आणि मगच कागद शेजारी ठेवायचे. उंचीत ७ मिलिमीटर, वजनात १०० ग्रॅम, दंडघेरात ५ मिलिमीटर यांपेक्षा जास्त फरक आला तर दोघांनीही पुन्हा मोजायचं. जगभरची लेकरं ज्या तक्त्यावर तोलली जातात, तो तक्ताच मुळात दोनदा मोजून तयार झाला आहे. मग तुला कशाचा कमीपणा वाटावा?

तुझं पुढचं काम कागद-पेन्सिलीचं आहे. समज, दहा लेकरांच्या उंचीत तुझ्या आणि तिच्या आकड्यांतले फरक सेंटीमीटरमध्ये असे आले: ०.२, ०.५, उणे ०.३, ०.१, ०.९, उणे ०.४, ०, ०.३, उणे ०.६, ०.३. प्रत्येकाचा वर्ग कर, बेरीज कर. १.९० येते. तिला लेकरांच्या संख्येच्या दुपटीने, म्हणजे २० ने भाग आणि वर्गमूळ काढ. ०.३१ येतं. म्हणजे एका मोजणीमागे सुमारे तीन मिलिमीटरचा डळमळीतपणा. याला मापनाची तांत्रिक चूक म्हणतात. नावात चूक असली तरी यात दोष कोणाचा नाही. तुम्हा दोघींच्या हातांचं, काठीचं आणि लेकरांच्या चुळबुळीचं ते एकत्र माप आहे. आणखी एक बघ, त्या १.९० मधले ०.८१ एकट्या पाचव्या लेकराचे आहेत. ते लेकरू ०.७ च्या मर्यादेबाहेर गेलं, म्हणून तुम्ही दोघींनी त्याला परत मोजायचं. पण पहिले आकडे खोडायचे नाहीत. आधीचे आणि नंतरचे, चारही आकडे कागदावर राहू देत.

तीन मिलिमीटर थोडे की फार? इथे थोडं थांब, कारण बहुतेक प्रबंध इथेच घाईने पुढे जातात. एकाच वयाच्या लेकरांच्या उंचीत तीन-चार सेंटीमीटरचा पसारा असतो. त्यापुढे तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. विश्वासार्हतेचा गुणांक काढलास तर ०.९९ च्या घरात येईल आणि तुला वाटेल, झालं, जिंकलो. पण तू तर तीच लेकरं महिन्याभराने पुन्हा मोजून, आहार सुरू केल्यावर ती किती वाढली हे पाहणार आहेस ना? दोन ते तीन वर्षांचं लेकरू वर्षात नऊ सेंटीमीटरच्या आसपास वाढतं, महिन्याला पाऊण सेंटीमीटर. दोन मोजण्यांची वजाबाकी केली की दोन्हींचा डळमळीतपणा त्यात उतरतो आणि तो सुमारे साडेचार मिलिमीटर होतो. म्हणजे खरी वाढ साडेसात मिलिमीटर आणि मोजणीची हलचल साडेचार! “कोण बुटकं आहे” या प्रश्नाला जी काठी उत्तम, तीच “या महिन्यात कोण वाढलं” या प्रश्नाला लंगडी. बाईंशी हे बोल. महिन्याऐवजी चार महिन्यांनी मोजायचं ठरवलंस, तर हलचल तेवढीच राहते आणि वाढ तीन सेंटीमीटर होते.

काठावरच्या लेकरांचं तर आणखीच. दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी आला की लेकरू तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम. ११.४ आला तर त्याला ग्राम बालविकास केंद्रात घेतात, ११.६ आला तर ते घरी जातं. दोन मिलिमीटर म्हणजे टेप दोन बोटांनी किंचित ओढली किंवा सैल सोडली एवढंच. तुझ्या यादीत साडेअकराच्या आसपासची किती लेकरं आहेत ते मोज आणि त्या सगळ्यांना दोनदा मोज, बाईंनी वीस म्हटलं असलं तरी. इथे प्रबंधापेक्षा लेकरू मोठं.

तू लिहितेस, की तुमच्या आकड्यांचा सहसंबंध ०.९८ आला, म्हणजे जुळलंच. नाही बाई. तिने प्रत्येक लेकरू तुझ्यापेक्षा बरोबर दोन सेंटीमीटर जास्त मोजलं असतं, तर सहसंबंध पूर्ण १ आला असता आणि तरी एकही आकडा जुळला नसता. ब्लँड आणि आल्टमन या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हेच दाखवलं. त्यांची रीत साधी आहे. प्रत्येक लेकरासाठी दोन आकड्यांची सरासरी आडव्या अक्षावर, फरक उभ्या अक्षावर, आणि ठिपके मांडायचे. सगळे ठिपके शून्याच्या एकाच बाजूला गेले तर तुमच्यातली एक जण सतत जास्त मोजते आहे. उंच लेकरांकडे ठिपके पसरत गेले तर गडबड तिकडे आहे. एका आकड्यात हे दिसत नाही, चित्रात दिसतं.

डोळ्याने ठरवायच्या गोष्टींचं गणित निराळं. पापण्या फिकट आहेत की नाहीत, असं तुम्ही दोघींनी शंभर लेकरांचं लिहिलं, आणि नव्वद लेकरांत तुमचं एकमत झालं असं समज. प्रत्येकीने दहा-दहा लेकरं फिकट ठरवली, पण त्यांतली दोघींची सामाईक पाचच. आता, तुम्ही डोळे मिटून दहा-दहा नावांवर खुणा केल्या असत्या, तरी साधारण ब्याऐंशी लेकरांत एकमत झालं असतं, कारण बहुतेकांना दोघींनीही ‘नाही’च म्हटलं असतं. योगायोगाच्या ८२ वर तुम्ही शंभरपर्यंतच्या १८ पैकी फक्त ८ कमावले. हा कोहेन यांचा १९६० मधला काप्पा गुणांक, ०.४४. नव्वद टक्के एकमत ऐकायला छान, पण प्रत्येकीने फिकट ठरवलेल्या दहा लेकरांतल्या निम्म्यांवरच तुमचं एकमत आहे. नोंदी घड्याळात सरकवून योगायोग मोजणारी लायगोची माणसं आणि कोहेन एकाच वाटेचे.

पण एवढं सगळं जमलं, दोघींचे आकडे तंतोतंत जुळले, तरी ते बरोबर असतीलच असं नाही. हे मी कृषी खात्यातल्या नोकरीत वावरात उभं राहून शिकलो. पीक कापणी प्रयोगात आम्ही सोयाबीनच्या शेतात दहा बाय पाच मीटरचा चौकोन आखायचो. चार कोपऱ्यांना खुंट्या, भोवती ताणलेली दोरी. प्रश्न यायचा तो दोरीवरच्या झाडांचा. ज्याचं बूड आत ते आत, ज्याचं बाहेर ते बाहेर. पण बूड नेमकं दोरीखाली असलं की हात आपोआप ते झाड आत ओढतो. मजूर असो, तलाठी असो, शेतकरी असो, सगळ्यांचा हात तसाच. चौकोन एक मीटरचा असता तर एका चौरस मीटरमागे चार मीटर दोरी आली असती. आमच्या चौकोनात ती ६० सेंटीमीटर येते. छोट्या चौकोनात काठाची झाडं जास्त, म्हणून उतारा फुगतो, आणि दहा जणांनी दहा वेळा कापलं तरी दहाही वेळा तसाच फुगतो. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात हे आकड्यांनी सिद्ध केलं. त्यावरून त्यांचं आणि प्रशांतचंद्र महालनोबिसांचं मोठं वाजलं. महालनोबिसांचा भर एकाच भागात दोन वेगळ्या पथकांनी दोन वेगळे नमुने मोजण्यावर होता. तीही रीत मोलाची, पण दोन्ही पथकांचे हात दोरीवरचं झाड आतच ओढत असतील तर ती चूक दोघांच्या तुलनेत दिसत नाही. त्या वादात मी सुखात्म्यांच्या बाजूचा.

तुझ्याकडे अशी दोरी कोणती? वजनाचा काटा. तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तू आणि ती, दोघीही तेच लिहाल आणि जुळल्याचा आनंद मानाल. लायगोवाले आरशावर ठरावीक शक्तीचा लेझर टाकून, आरसा अपेक्षित तेवढाच हलतो का हे पुन्हा पुन्हा पाहतात. तू पाच किलोचं शिक्का असलेलं वजन घे आणि रोज सकाळी पहिल्या लेकराआधी आणि दुपारी शेवटच्या लेकरानंतर काट्यावर ठेव. दोन्ही आकडे तारखेसह लिही. दोन वर्षांखालच्या लेकरांना आडवं मोजतेस की उभं, तेही लिही. आडवी उंची उभीपेक्षा सुमारे सात मिलिमीटर जास्त येते. एकीने आडवं आणि दुसरीने उभं मोजलं तर तुमच्या मोजण्याला उगाच दोष लागेल.

ही सगळी मिलिमीटरची कटकट कशासाठी, असं वाटलं तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठव. त्यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्या मापांत लहान, पण खांद्याच्या पात्याखालची कातडीची घडी त्यामानाने फारशी कमी नाही. दिसायला बारीक, आतून चरबी राखलेली. २००३ मध्ये छापून आलेल्या या निष्कर्षाने भारतातल्या मधुमेहाकडे बघायची दृष्टी बदलली. ती घडी असते काही मिलिमीटरची, चिमट्याने धरून मोजलेली. दोन मोजणाऱ्यांच्या हातांत तेवढाच फरक असता, तर तो निष्कर्ष उभाच राहिला नसता.

बाईंना आणखी एक गोष्ट करायला सांग. सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या काही जणांनी कोणाला न सांगता यंत्रांत एक खोटी लहर घातली. शेकडो शास्त्रज्ञ सहा महिने तिच्यावर राबले, लेख लिहून तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडल्यावर कळलं की ती खरी नव्हती. कोणी चिडलं असेल, पण सगळ्यांना कळलं की आपण लहर ओळखू शकतो. तशीच बाईंनी तुला न सांगता, आठवड्यापूर्वी मोजलेली तीन-चार लेकरं तुझ्याच रांगेत पुन्हा उभी करावीत. तुझा हात तुझ्याशीच किती जुळतो, हे दुसऱ्या मुलीच्या मोजणीवरून कळत नाही.

पुढच्या पत्रात मला सरासऱ्या नकोत. वीस लेकरांचे तिन्ही मापांचे फरक एका कागदावर लिहून पाठव, आधी तुझा आकडा, मग तिचा, मग वजाबाकी, कायम याच क्रमाने. उणे चिन्हं काढू नकोस, तुम्हा दोघींतली कोण सतत जास्त मोजते ते मला त्यांवरूनच दिसेल. आणि काट्याच्या सकाळ-दुपारच्या नोंदी सोबत जोड.

तुझे,
आबा